जुन्या रेडिओतील ईएल ८४ या व्हॉल्व्हचे तपकिरी झालेले सॉकेट आणि पर्यायी व्हॉल्व्ह यांबाबत मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी,

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले, त्याच सुमारास माझ्या आजोबांनी सहा व्हॉल्व्हचा (निर्वात काचेच्या नळ्यांचा) एक रेडिओ घेतला होता. तो पुष्कळ वर्षे त्यांच्या हळदीच्या अडत दुकानात, गादीच्या मागच्या फळीवर होता. दुकान आवरल्यावर गावभागातील घराच्या माळ्यावर गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ते आमच्या माळ्यापर्यंत पोहोचले नाही, परंतु घर तीन आठवडे बंद होते आणि भिंतींची ओल दिवाळीपर्यंत हटली नव्हती. रेडिओ त्या ओलीत तसाच राहिला.

गेल्या काही महिन्यांत मी तो स्वतः दुरुस्त करीत आहे. त्यात ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि हिरव्या डोळ्याचा ईएम ८० असे व्हॉल्व्ह असून मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे चेसिस (धातूचा सांगाडा) थेट विजेला जोडलेली नाही. फिल्टर कंडेन्सर आणि स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ च्या ग्रिडला (आवाजाचा संकेत जेथे येतो त्या टोकाला) येणारा कपलिंग कंडेन्सर असे दोन्ही नवे घातले आहेत. प्रथम ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून चालू केला, नंतर थेट. मध्यम लहरींवर काटा २४० मीटरपाशी नेला की केंद्र स्पष्ट लागते आणि आवाज अत्यंत गोड आहे.

अडचण अशी की साधारण वीस मिनिटांनी आवाज घोगरा होऊ लागतो, ईएल ८४ अति तापतो आणि गरम बेकेलाइटचा वास येतो. व्हॉल्व्हला लाकडी काडीने हलकेच टिचकी मारली तर खरखर होते आणि कधीकधी आवाज क्षणभर जाऊन परत येतो. सॉकेट वरून पाहिले तर ४ व ५ क्रमांकांच्या छिद्रांभोवती ते काळसर तपकिरी झालेले आहे. मी दुसरा ईएल ८४ लावून पाहिला. त्याने तर दहाच मिनिटांत तोच त्रास दिला. चेसिसखाली पाहता या सॉकेटवर पूर्वी कधीतरी कोणीतरी काम केलेले दिसते, कारण तेथील डाख इतर ठिकाणच्या डाखेपेक्षा जाड आणि निस्तेज आहे.

माझे तीन प्रश्न आहेत. दोष व्हॉल्व्हचा मानावा की सॉकेटचा, आणि ते खात्रीने कसे ठरवावे? सॉकेट स्वच्छ करून चालेल की बदलावेच लागेल? आणि एका परिचितांनी ईएल ८४ ऐवजी ६बीक्यू५ आणि ईझेड ८० ऐवजी अधिक दमाचा ईझेड ८१ लावण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का?

जुना कारागीर (सातारा)

कृष्णाकाठ, आपण कंडेन्सर आधी बदलले आणि सिरीज बल्बवर चालू केला, हे योग्य केले. मी पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात उमेदवारी केली. तेथे पहिल्याच आठवड्यात मला सांगितले होते की ग्राहक व्हॉल्व्ह हातात घेऊन येतो आणि दोष दुकानात न आणता घरी ठेवून येतो. तो दोष बहुतेक वेळा सॉकेटमध्ये असतो. दोन वेगवेगळे ईएल ८४ एकाच जागी तोच त्रास देत असतील, तर व्हॉल्व्हवर संशय घेण्याचे कारण फारसे उरत नाही. तरीही अंदाजावर सॉकेट काढू नका. आधी तीन मोजमापे घ्या.

पहिले हीटरचे, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेचे. ईएल ८४ चा हीटर ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर घेतो, म्हणजे रेडिओतील सर्वांत जास्त प्रवाह वाहणाऱ्या स्पर्शबिंदूंपैकी दोन याच सॉकेटच्या ४ व ५ क्रमांकांवर आहेत. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, व्हॉल्व्ह सॉकेटमधून दीड ते दोन मिलिमीटर वर उचला, म्हणजे काच आणि सॉकेट यांच्यामध्ये पिनांचा उघडा भाग दिसेल. एक टोक चेसिसखाली सॉकेटच्या ४ क्रमांकाच्या पट्टीला आणि दुसरे टोक वरून त्याच क्रमांकाच्या पिनेला लावून मोजा. नंतर ५ क्रमांकासाठी तसेच करा. दोन्ही ठिकाणी शून्याच्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी तेवढ्या इवल्याशा स्पर्शबिंदूत एक तृतीयांश वॅटपेक्षा अधिक उष्णता सतत निर्माण होत आहे असे समजा, आणि बेकेलाइट तपकिरी व्हायला तेवढी पुरते.

दुसरे कॅथोडचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऋण टोकाचे. पिन ३ आणि चेसिस यांमध्ये डीसी व्होल्ट मोजा आणि तेथील रेझिस्टन्सच्या किमतीने भागा. व्हॉल्व्हमधून एकूण किती प्रवाह जातो ते कळेल. या प्रकारच्या संचात ५० मिलिअँपिअरच्या आसपासचा आकडा समाधानकारक असतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे ग्रिडचे. पिन २ वर चेसिसच्या तुलनेत शून्य व्होल्ट असले पाहिजेत. तेथे धन व्होल्टेज दिसले तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढणारच. जुन्या कागदी कपलिंग कंडेन्सरमुळे हे नेहमी होते, पण आपण तो बदललेला आहे. म्हणून मोजमाप तीनदा घ्या: व्हॉल्व्ह लावलेला असताना, वीस मिनिटे तापल्यावर व्हॉल्व्ह काढून लगेच, आणि त्यानंतर रेडिओ बंद करून कपलिंग कंडेन्सरचे ग्रिडकडील टोक सोडवून पुन्हा. व्हॉल्व्ह काढताच धन व्होल्टेज नाहीसे झाले तर व्हॉल्व्हमध्ये वायू आहे किंवा त्याचे ग्रिड तापून दोष देत आहे. व्हॉल्व्ह काढूनही ते राहिले आणि कंडेन्सर सोडवताच गेले, तर कंडेन्सर गळका आहे. आणि दोन्ही बाजूला करूनही राहिले, तर गळती सॉकेटमधून आहे.

व्हॉल्व्ह काढल्यावर एच.टी. (व्हॉल्व्हना मिळणारे उच्च डीसी व्होल्टेज) बरीच वाढते, म्हणून ते मोजमाप काही सेकंदांतच उरकावे. प्रत्येक वेळी हात घालण्यापूर्वी रेडिओ बंद करून फिल्टर कंडेन्सर ५ वॅटच्या ४.७ किलोओहम रेझिस्टन्समधून रिकामा करा आणि मीटरने खात्री करून घ्या. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची सवय कंडेन्सरलाही वाईट आणि माणसालाही.

चेसिसखाली आणखी एक गोष्ट पाहा. सॉकेटच्या १, ६ आणि ८ क्रमांकांच्या पट्ट्यांना काही जोडले आहे का, ते आम्हाला कळवा. जाड, निस्तेज डाखेबद्दल आपण लिहिले आहे, त्यावरून मला एक शंका येते.

तंतुवाद्य (मिरज)

मी पर्यायी व्हॉल्व्हच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

६बीक्यू५ हा ईएल ८४ चाच अमेरिकन क्रमांक आहे आणि रशियन बनावटीचा ६पी१४पी हाही त्याचाच समकक्ष आहे. त्यांपैकी कोणताही लावायला हरकत नाही. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले, त्यामुळे आपल्या भागातील जुन्या दुकानांच्या खोक्यांमध्ये बीईएलचा शिक्का असलेले ईएल ८४ आजही अधूनमधून सापडतात, आणि ते मिळाल्यास मी तेच निवडेन. घेताना काचेच्या टोकाकडील आरसा पाहावा. तो चंदेरी किंवा काळपट तपकिरी असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलेली असते आणि असा व्हॉल्व्ह कोणत्याही किमतीला घेऊ नये.

ईझेड ८१ ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पिनांची मांडणी ईझेड ८० सारखीच आहे, म्हणून तो बसतो आणि चालतोही. परंतु ईझेड ८० चा हीटर ०.६ अँपिअर घेतो आणि ईझेड ८१ चा १ अँपिअर. म्हणजे साठ वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरवर आपण ०.४ अँपिअरचा बोजा कायमचा वाढवतो. शिवाय ईझेड ८० ची मर्यादा ९० मिलिअँपिअर आहे आणि निरोगी रेडिओ त्या मर्यादेच्या आत राहतो. तो मर्यादेबाहेर जात असेल तर कारण शोधावे. अधिक दमाचा व्हॉल्व्ह लावला की कारण झाकले जाते आणि ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत कळत नाही.

युरोपीय क्रमांक वाचायला शिकलात तर असे प्रश्न पुष्कळसे आपोआप सुटतात. पहिले अक्षर हीटरचे असते: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘डी’ म्हणजे बॅटरीवरचे १.४ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे सिरीजमध्ये १०० मिलिअँपिअर. पुढची अक्षरे आत काय आहे ते सांगतात. ‘सी’ ट्रायोड, ‘एफ’ पेंटोड, ‘एल’ आउटपुटचा पेंटोड, ‘झेड’ एसीचे डीसी करणारा, दोन प्लेटचा (धन टोकांचा) रेक्टिफायर, ‘एम’ केंद्र नेमके लागले की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा. दोन अंकी क्रमांकातील पहिला अंक पायांचा: ३ असेल तर ऑक्टल, ४ असेल तर रिमलॉक, ८ असेल तर नऊ पिनांचा नोव्हल, ९ असेल तर सात पिनांचा लहान सॉकेट. म्हणून ईएल ४१ आणि ईएल ८४ हे जवळचे नातलग असले तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आणि ईसीएच ८१ व यूसीएच ८१ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण एकाचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर मागतो, तर दुसऱ्याचा १९ व्होल्टवर ०.१ अँपिअर. पहिला दुसऱ्याच्या जागी लावला तर तो नीट तापतच नाही आणि रेडिओ मुका राहतो.

सॉकेटमध्ये बसतो म्हणजे चालतो, हा समज मात्र सर्वांत धोक्याचा आहे. ईएफ ८९ आणि ईएफ ८६ दोन्ही नोव्हल, दोन्ही पेंटोड. परंतु पहिल्याचे ग्रिड २ क्रमांकाला आणि प्लेट ७ क्रमांकाला आहे, तर दुसऱ्याचे ग्रिड ९ ला आणि प्लेट ६ ला. बॅटरीवरच्या संचांत डीएल ९२ आणि डीएल ९४ यांचेही असेच आहे. आपला ईएम ८० कधी मंद झाला तर ईएम ८१ चालेल, ईएम ८४ चालणार नाही, कारण त्याची जोडणीच वेगळी आहे.

ऑक्टलच्या संचांत आणखी एक बारकावा आहे, तो माझ्या एका संचात मला धक्का बसल्यावर कळला. ६व्ही६ हा व्हॉल्व्ह मोठ्या बाटलीच्या आकाराचा, सरळ नळीचा आणि पोलादी कवचाचा अशा तीन रूपांत मिळतो आणि तिन्ही विद्युतदृष्ट्या सारखेच आहेत. पोलादी कवच मात्र १ क्रमांकाच्या पिनेला जोडलेले असते. काचेचा व्हॉल्व्ह असलेल्या संचात १ क्रमांकाची पट्टी रिकामी, म्हणून कोणीतरी तेथे एच.टी.ची तार बांधून ठेवली होती. मी पोलादी व्हॉल्व्ह लावला आणि त्याच्या संपूर्ण कवचावर अडीचशे व्होल्ट आले. काळ्या रंगाचा पातळ थर बोट आणि धातू यांच्यामध्ये होता, म्हणून निभावले. जुन्या कारागिरांना जी शंका आली आहे, ती याच घराण्यातील असावी.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी सर्व मोजमापे शांतपणे घेतली.

हीटरच्या ४ क्रमांकावर पट्टी आणि पिन यांमध्ये ०.१ व्होल्ट आले, पण ५ क्रमांकावर तब्बल ०.६ व्होल्ट आले आणि व्हॉल्व्ह किंचित हलवला की तो आकडा नाचत होता. कॅथोडचा रेझिस्टन्स १५० ओहमचा असून थंड असताना मोजला तेव्हा बरोबर निघाला; चालू केल्यावर पिन ३ वर सुरुवातीला ७.५ व्होल्ट होते आणि वीस मिनिटांनी ९.४ झाले. ग्रिडवर सुरुवातीला ०.३ व्होल्ट, तापल्यावर ३ व्होल्ट. त्या वेळी एच.टी. २४० होती. व्हॉल्व्ह काढताच एच.टी. २९० झाली आणि ग्रिडवर ३.६ दिसले. कंडेन्सर सोडवल्यावर पुन्हा चालू करून पाहिले, तरी आकडा तेवढाच राहिला.

आणि १ क्रमांकाची पट्टी रिकामी नाही. ईबीसी ८१ च्या प्लेटकडे जाणाऱ्या रेझिस्टन्सचे एच.टी.कडील टोक आणि एक तार तेथे एकत्र जोडलेली आहेत. ६ व ८ रिकाम्या आहेत. एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. रेडिओ बंद करून १ आणि २ यांमधील रोध मोजला तर मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे मार्ग पूर्ण तुटलेला आहे असेच सांगतो.

जुना कारागीर (सातारा)

आपली मोजमापे इतकी स्वच्छ आहेत की आता तर्काला जागाच राहिली नाही. या सॉकेटमध्ये दोन स्वतंत्र दोष आहेत.

एक, ५ क्रमांकाचा स्पर्श सैल आहे. ०.६ व्होल्ट आणि जवळजवळ ०.७ अँपिअर म्हणजे ०.४ वॅटच्या आसपास उष्णता तेथे जमते. खरखर, मधूनच जाणारा आवाज आणि तपकिरी डाग यांचे मूळ हेच. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आपल्या संचात ग्रिडपासून चेसिसला जाणारा रेझिस्टन्स ६८० किलोओहमचा असावा असे धरतो. तेथे ३ व्होल्ट यायला ४.४ मायक्रोअँपिअर प्रवाह पुरतो. २४० व्होल्टच्या पट्टीकडून एवढा प्रवाह यायचा तर मधला मार्ग सुमारे ५४ मेगओहमचा हवा. आपला मीटर काही व्होल्टवर रोध मोजतो आणि बहुतेक मीटर २० किंवा ४० मेगओहमच्या पुढे पाहूच शकत नाहीत. शिवाय आपण थंड असताना मोजले. ओल शोषलेले आणि उष्णतेने करपू लागलेले बेकेलाइट तापले की त्याचा रोध घसरतो. म्हणून वीस मिनिटे सगळे ठीक वाटते. व्हॉल्व्ह काढल्यावर एच.टी. ज्या प्रमाणात वाढली, त्याच प्रमाणात ग्रिडचा आकडा ३ वरून ३.६ झाला, यावरूनही गळती थेट एच.टी.कडूनच आहे हे स्पष्ट होते.

परिणाम पाहा. ९.४ व्होल्टला १५० ओहमने भागले की ६३ मिलिअँपिअर येतात. त्यातील स्क्रीनचा (दुसऱ्या ग्रिडचा) वाटा वजा केला तरी प्लेटवर साडेबारा वॅटच्या आसपास उष्णता पडते आणि ईएल ८४ ची मर्यादा १२ वॅटची आहे. बाकीचे व्हॉल्व्ह धरले तर ईझेड ८० त्याच्या ९० मिलिअँपिअरच्या काठावर उभा आहे. आपल्याला ईझेड ८१ सुचवला गेला तो बहुधा यामुळेच.

ज्यांनी या व्हॉल्व्हची रचना केली त्यांनी प्लेटची ७ क्रमांकाची पिन मुद्दाम ६ आणि ८ या न वापरायच्या पिनांमध्ये ठेवली आणि नाजूक ग्रिडच्या शेजारी १ क्रमांकही मोकळा ठेवला. या तीन क्रमांकांपुढे तक्त्यांत ‘आतून जोडलेले’ अशी खूण असते आणि तेथे बाहेरून काहीही जोडू नये असा तिचा अर्थ आहे. कारण एखाद्या बनावटीत ती पिन आत कशाला टेकलेली असेल ते दुसऱ्या बनावटीवरून ठरवता येत नाही. आपला दुसरा ईएल ८४ दहाच मिनिटांत बिघडला, त्याचे कारण यातही असू शकेल. रिकामी दिसणारी पट्टी म्हणजे तार बांधायची खुंटी नव्हे, हे मी उमेदवारांना सर्वांत आधी सांगत असे.

आता सॉकेट स्वच्छ करून चालेल का, याचे उत्तर. केवळ ५ क्रमांक सैल असता तर मी चालेल असे म्हटले असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश यांनी आतील भाग पुसायचा, मग बारीक दाभणाने किंवा जाड सुईने स्पर्शाची दोन पाती बाजूने थोडी थोडी आत दाबायची. एकदम दाबली तर ती तुटतात. व्हॉल्व्हच्या पिना शिसपेन्सिलीच्या खोडरबराने किंवा अगदी बारीक पॉलिश कागदाने उजळायच्या, काचेजवळ जोर न देता. गंज सुटण्यासाठी दारांच्या बिजागऱ्यांवर मारतात तसला तेलकट फवारा येथे मुळीच नको. तो सॉकेटमध्ये मुरतो आणि धूळ धरून ठेवतो. परंतु जेथे बेकेलाइट करपून त्यातून वीज झिरपू लागली आहे, तेथे वरवर पुसून भागत नाही. करपलेला भाग कोरून काढता येतो, मात्र नोव्हल सॉकेटमध्ये कोरण्याइतकी जागाच नसते. हे सॉकेट बदला.

बदलताना घाई करू नका. आधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि कागदावर नऊ क्रमांकांचे वर्तुळ काढून प्रत्येक तार लिहा. खालून पाहताना क्रमांक घड्याळाच्या दिशेने मोजायचे, मोठी फट १ आणि ९ यांच्या मधली. सॉकेटच्या मध्यावर धातूची नळी असेल आणि ती चेसिसला जोडलेली असेल तर ती जोडणी नव्या सॉकेटवरही करा. रिव्हेट ३ मिलिमीटरच्या ड्रिलने वरूनच उडवा आणि चेसिसखाली ओला कपडा धरा, म्हणजे धातूचा कीस इतर सॉकेटांत जाणार नाही. नव्या सॉकेटच्या स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर नोव्हलमध्ये साधारण २८ मिलिमीटर असते, पण चेसिसचे मोठे छिद्र मोजूनच खरेदी करा, कारण खालून बसणारे आणि वरून बसणारे असे दोन प्रकार आहेत.

चिनी मातीचे सॉकेट घ्यावे. ते करपत नाही आणि ओलही धरत नाही. त्याचे स्क्रू मात्र फार आवळू नका, नाहीतर ते तडकते. डाख देताना सॉकेटमध्ये एखादा निकामी नऊ पिनांचा व्हॉल्व्ह लावून ठेवा, म्हणजे उष्णतेने स्पर्श वाकडे होणार नाहीत, आणि डाख पट्टीच्या टोकालाच राहील इतकीच द्या. ती आत उतरली तर नवे सॉकेट फुकट गेले. १ क्रमांकावरची जोडणी नव्या सॉकेटवर आणूच नका. चेसिसवर बाजूला स्वतंत्र टॅगपट्टी (तारा जोडण्याची पट्टी) बसवून तेथे करा.

तंतुवाद्य (मिरज)

यात एकच भर घालतो. नवी सॉकेटे बऱ्याचदा इतकी घट्ट असतात की पहिल्यांदा व्हॉल्व्ह घालताना पिनेच्या बुडाशी काच तडकते. तोच निकामी व्हॉल्व्ह सात-आठ वेळा सरळ आत-बाहेर करून स्पर्श मोकळे करून घ्यावेत. आमच्या मिरजेत सतारीची जवारी काढणारे कारागीर घोडीचा माथा कानस लावून एकेक कण उतरवतात आणि दर वेळी तार छेडून पाहतात. तार घोडीला फार चिकटली तर आवाज दबतो आणि सुटली तर कोरडा होतो. सॉकेटच्या पात्यांचा ताणही त्याच हाताने पाहावा लागतो. व्हॉल्व्ह उलटा धरला असता सॉकेट आपल्या वजनाने गळून पडू नये आणि दोन बोटांनी ओढला तर न डोलवता निघावा, एवढा ताण पुरे.

कृष्णाकाठ (सांगली)

काम काल रात्री पूर्ण झाले. ग्रिडचा रेझिस्टन्स खरोखरच ६८० किलोओहमचा निघाला. चिनी मातीचे सॉकेट बसवले, १ क्रमांकावरची जोडणी टॅगपट्टीवर नेली आणि ट्रान्सफॉर्मरला त्रास नको म्हणून ईझेड ८० तसाच ठेवला. प्रथम पुन्हा सिरीज बल्बवर आणि नंतर थेट चालू करून सलग तीन तास ठेवला. ग्रिडवर शेवटपर्यंत शून्य, कॅथोडवर जुन्या ईएल ८४ ने ७.४ व्होल्ट आणि दुसऱ्याने ७.६. हीटरच्या दोन्ही पिनांवरील फरक मीटरला दिसत नाही. म्हणजे मी ज्याला दोष देत होतो ते दोन्ही व्हॉल्व्ह चांगले आहेत, आणि त्यांतील एक टाकून देण्यासाठी बाजूला काढून ठेवला होता.

जुने सॉकेट मी हॅक-सॉच्या पात्याने आडवे कापून पाहिले. ब्रशने पुसलेल्या जागांखेरीज आत सगळीकडे पिवळी धूळ दाटलेली होती. बोटांत चोळल्यावर अजूनही हळदीचा वास येतो. ५ क्रमांकाची पाती निळसर पडून उघडी राहिली आहेत. १ आणि २ यांच्या मधल्या भिंतीवर केसाएवढी एक काळी रेघ आहे. ती वरून किंवा खालून कोठूनही दिसत नव्हती, कापल्यावरच दिसली. तिचे छायाचित्र उद्या दिवसाच्या उजेडात काढून येथे लावतो.